चावला ढेकूण, मेली ऊ

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त लांबी मोजायचं एक कोष्टक आहे. ते परमाणूपासून सुरू होतं. आठ परमाणू म्हणजे रथाच्या चाकानं उडालेल्या धुळीचा एक कण. असे आठ कण म्हणजे एक लिक्षा. आठ लिक्षांची एक यूका. आठ यूकांचा एक यव, म्हणजे जवाच्या दाण्याची जाडी. आणि आठ यव म्हणजे एक अंगुल, बोटाची रुंदी.

लिक्षा म्हणजे लीख. यूका म्हणजे ऊ. प्राकृतातून येता येता हिंदीत तिची जूँ झाली आणि मराठीत नुसती ऊ उरली. मनुस्मृतीतल्या वजनांच्या कोष्टकातही लिक्षा आहे: तीन लिक्षा म्हणजे काळ्या मोहरीचा एक दाणा.

अंगुल साधारण १९ मिलिमीटरचं धरून मी गणित करून पाहिलं. यूका येते ०.३ मिलिमीटर आणि लिक्षा त्याच्या आठवा भाग. खरी ऊ २ ते ३ मिलिमीटरची, तिळाएवढी असते आणि लीख पाऊण-एक मिलिमीटरची. म्हणजे कुणी ऊ पकडून पट्टीवर ठेवली नव्हती. आठाच्या पाढ्यात पायऱ्या पाडल्या आणि प्रत्येक पायरीला ओळखीचं नाव दिलं. पण माप ठरवताना माणूस सगळ्यांनी पाहिलेलीच वस्तू निवडतो. तेव्हा लीख ही धूळ आणि जव यांच्यामधली एक साधी, घरोघरची वस्तू होती. तिचं नाव घ्यायला राजाच्या अधिकाऱ्यालाही संकोच वाटत नव्हता.

पंचतंत्रात तर एक ऊ थेट राजाच्या बिछान्यात राहते. तिचं नाव मंदविसर्पिणी, म्हणजे हळू सरपटणारी. राजा गाढ झोपला की ती बेतानं रक्त पिते, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. एक दिवस अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून येतो. त्याला धीर धरवत नाही. राजा जागा असतानाच तो कडकडून चावतो आणि खाटेच्या फटीत पळून जातो. नोकर दिवा घेऊन येतात, चादर झटकतात, त्यात ऊ सापडते आणि ती मारली जाते.

ही गोष्ट लक्षात ठेवा. डोक्यातल्या उवेचा पुढचा सगळा इतिहास असाच आहे. गुन्हा एकीचा, शिक्षा दुसरीला.

एक साधा प्रश्न

संभाजीनगरात आमच्या घरी हा विषय मागच्या वर्षी निघाला. भाची सातवीत, केस कमरेपर्यंत. उवा झाल्या. मेडिकलमधून शॅम्पू आणला, उवा गेल्या. तीन आठवड्यांत परत आल्या. दुसरा शॅम्पू आणला, तेच झालं. आजीनं कापूर घातलेलं खोबरेल चोळलं. शेजारच्या खाला म्हणाल्या, ‘जुवां है तो बाल काट डालो, बच्ची को तकलीफ नक्को.’ शाळेतून निरोप आला की वेणी नको, केस बारीक करा आणि घरी स्वच्छता पाळा. ताई एक दिवसाआड तिचे केस धूत होती. तिला त्या शेवटच्या दोन शब्दांचं फार लागलं.

तिचा प्रश्न साधा होता: ‘एवढं करूनही परत का येतात?’

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात बंद केलेला बग पुन्हा उघडला की पहिल्यांदा हेच विचारतात. तो खरंच गेला होता का? की गेला होता आणि बाहेरून नवा आला? की आपण केलेल्या उपायाचा त्याच्यावर परिणामच झाला नव्हता? हट्टी उवांचीही हीच तीन कारणं आहेत, आणि तिन्ही कारणांना मोठा इतिहास आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात, सातव्या अध्यायात कृमींवर तीन उपाय सांगितले आहेत. अपकर्षण, म्हणजे ओढून काढणं: हातानं किंवा साधनानं. प्रकृतिविघात, म्हणजे त्यांना जगता येणार नाही असं करणं. आणि निदानपरिवर्जन, म्हणजे ज्या कारणानं ते होतात ते कारण टाळणं. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची ही यादी उवांना अजूनही चपखल बसते. त्याच क्रमानं पाहू.

ओढून काढणं

इस्राएलमधल्या लाखिश या प्राचीन शहराच्या उत्खननात २०१६ मध्ये एक हस्तिदंती फणी सापडली. जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब. एका बाजूला सहा जाड दात गुंता सोडवायला, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक दात उवा काढायला. काही वर्षांनी तिच्यावर पुसट अक्षरं दिसली आणि २०२२ मध्ये त्यांचं वाचन प्रसिद्ध झालं. कनानी लिपीतली सतरा अक्षरं. आशय असा की, हा दात डोक्यातल्या आणि दाढीतल्या उवा उपटून काढो. ती सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची मानली जाते आणि कनानी वर्णमालेत सापडलेलं पहिलं पूर्ण वाक्य म्हणून ओळखली जाते. फणीच्या दातांवर सूक्ष्मदर्शकाखाली उवांचे अवशेषही मिळाले.

तो आकार तुमच्या ओळखीचा आहे. आपल्याकडे सुया, दाभण, मणी विकणाऱ्या बायकांच्या टोपलीत जी लाकडी, शिंगाची आणि पुढे प्लास्टिकची फणी असायची, तिलाही दोन्ही बाजूंना दात. कंगवा वेगळा, फणी वेगळी. कंगव्यानं केस विंचरायचे, फणीनं उवा काढायच्या.

फणी टिकून राहिली त्याला कारण आहे. उवेची मादी रोज साधारण सहा ते आठ अंडी घालते. प्रत्येक अंडं ती डोक्याच्या कातडीजवळ, केसाच्या मुळाशी, एका चिकट द्रवानं चिकटवते. हा डिंक प्रथिनांचा असतो आणि वाळला की केसाभोवती नळीसारखा घट्ट बसतो. केससुद्धा प्रथिनांचाच. त्यामुळे डिंक सहज विरघळेल आणि केस शाबूत राहील असं रसायन मिळणं अवघड आहे. व्हिनेगरचा घरगुती उपायही इथेच अडतो. लीख पाण्यानं वाहून जात नाही, झटकून पडत नाही. ती केसावरून ओढतच टोकापर्यंत न्यावी लागते.

त्यासाठी दातांमधली फट किती हवी? आजच्या चांगल्या स्टीलच्या फणीत ती ०.२ ते ०.३ मिलिमीटर असते. कौटिल्याची यूका आठवा. हा योगायोगच आहे, पण मला आवडलेला.

अंडं सात ते दहा दिवसांत फुटतं. पिल्लाची अंडी घालणारी ऊ व्हायला आणखी नऊ ते बारा दिवस लागतात. आता ताईच्या प्रश्नाकडे या. बरीच औषधं चालती ऊ मारतात, पण कवचातल्या सगळ्या अंड्यांपर्यंत पोचत नाहीत. रविवारी उवा मेल्या, सोमवारपासून उरलेल्या लिखा फुटायला लागल्या, आणि तीन आठवड्यांनी पुढची पिढी अंडी घालायला तयार. घरच्यांना वाटतं उवा ‘परत आल्या’. त्या गेल्याच नव्हत्या. म्हणूनच औषधाच्या पाकिटावर आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावायला सांगितलेलं असतं. जुनी अंडी फुटलेली आणि नवी अजून घातलेली नाहीत, अशी ती मधली फट असते. ती चुकली की सगळं पहिल्यापासून.

फणीनं हे काम औषधाशिवायही होतं. २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. काही मुलांच्या ओल्या केसांना कंडिशनर लावून दोन आठवड्यांत चार वेळा बारीक फणी फिरवली. बाकीच्यांना दुकानात मिळणारी उवांची औषधं दिली. फणीच्या गटात ५७ टक्के मुलं मोकळी झाली, औषधाच्या गटात १३ टक्के. ५७ हा काही मोठा विजय नाही, पण तेवढ्यासाठी तिथल्या आईबापांना चार वेळा बसावं लागलं होतं.

हे ‘बसणं’ इतिहासात फारसं नोंदवलं जात नाही. दुपारच्या उन्हात ओट्यावर एकीच्या मांडीवर दुसरीचं डोकं, पांढऱ्या कापडावर झटकलेली फणी, दोन नखांमध्ये ‘टच्’ असा आवाज. मराठवाड्यातल्या कुठल्याही वाड्यात, तांड्यावर, वस्तीत हे दृश्य होतं आणि ते काम बायकांचंच होतं. लांब केसांना तास-तासभर लागतो. शॅम्पूच्या जाहिरातीनं नेमका हा तास वाचवायचं आश्वासन दिलं.

मारणं

मारावं की नाही, यावरही वाद झालेत. बाराव्या शतकात गुजरातवर राज्य करणाऱ्या कुमारपाळानं प्राणिहत्येवर बंदी घातली होती. मेरुतुंगाच्या ‘प्रबंधचिंतामणी’त एक गोष्ट येते: ऊ चिरडणाऱ्या व्यापाऱ्याची संपत्ती जप्त करून राजानं त्यातून ‘यूकाविहार’ नावाचं मंदिर बांधवलं. बाकी सगळ्यांनी मात्र मिळेल ते विष वापरलं.

आमच्या भागातलं विष सीताफळाच्या बीत असतं. दौलताबादच्या आसपासची सीताफळं शहरात येतात, आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बिया वाळवून, वाटून, तेलात कालवून डोक्याला लावायची पद्धत जुनी आहे. ती अंधश्रद्धा नाही. या बियांमध्ये ॲसिटोजेनिन नावाची संयुगं असतात आणि ती पेशीत ऊर्जा तयार होण्याची साखळी पहिल्याच कडीला तोडतात. ऊ खरंच मरते. पण तीच पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत केली आहे, आणि त्यांत उवांसाठी ही पूड लावलेल्यांचा समावेश आहे. रॉकेलची गोष्ट त्याहून वाईट: कातडी भाजते, आणि चुलीजवळ गेलं तर केस पेट घेतात.

मग डीडीटी आलं. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलरनं त्याची कीटक मारायची ताकद ओळखली. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतल्या नेपल्समध्ये टायफस तापाची साथ आली, तेव्हा दोस्त सैन्यानं रस्त्यात लोकांना थांबवून त्यांच्या सदऱ्याच्या गळ्यातून आणि बाह्यांतून ही पावडर फवारली. साथ आटोक्यात आली. १९४८ मध्ये म्युलरला नोबेल मिळालं. भारत सरकारनं १९५४ मध्ये हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही कंपनी डीडीटी बनवण्यासाठीच काढली. उद्देश मलेरियाचे डास मारण्याचा होता. पण जगभर युद्धानंतर ही पावडर सदऱ्यातून डोक्यातही गेली.

डीडीटी कीटकाच्या मज्जापेशीतल्या सोडियमच्या दारावर काम करतं. दार उघडं राहतं, मज्जातंतू सारखे संदेश पाठवत राहतात आणि कीटक तडफडून मरतो. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये मायकल एलियट आणि सहकाऱ्यांनी परमेथ्रिन बनवलं. त्याचं मूळ शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात. माणसाला ते बरंच सौम्य, त्यामुळे उवांच्या औषधांत ते जगभर पसरलं. अडचण एवढीच की तेही त्याच दारावर काम करतं. ज्या उवेच्या दाराची घडण जनुकातल्या छोट्या बदलामुळे वेगळी झाली, तिच्यावर दोन्ही विषांचा असर कमी होतो. १९९० च्या दशकात फ्रान्स, इस्राएल, ब्रिटन इथून औषध लागू न पडणाऱ्या उवांच्या बातम्या येऊ लागल्या. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ४८ राज्यांमधल्या उवा तपासल्या, तर बहुतेक सगळ्यांत हा बदल होता.

तेव्हा दोनदा नीट लावूनही चालत्या उवा दिसत असतील, तर तिसऱ्यांदा तेच औषध जास्त लावून फायदा नाही. प्रकार बदलावा लागतो. डायमेथिकोन हे सिलिकॉनचं तेल दारावर काम करत नाही, ते उवेच्या अंगावर थर देऊन तिची शरीरातलं पाणी बाहेर टाकायची सोय बंद करतं. आयव्हरमेक्टिनचा मार्ग आणखी वेगळा. त्याच्या शोधासाठी २०१५ चं नोबेल दिलं गेलं. कोणतं, किती वयाला, हे डॉक्टर सांगतील.

कारण टाळणं

आता ‘स्वच्छता’ या शब्दाकडे. चरकसंहिता उवांचं कारण सांगते: मृजावर्जन, म्हणजे अंग स्वच्छ न ठेवणं. त्यांची जागा सांगते: केस, दाढी, अंगावरची लव, पापण्या आणि कपडे. निरीक्षण बारीक आहे. आकार तिळासारखा, पाय पुष्कळ, रंग काळा किंवा पांढरा. पण केस आणि कपडे एकाच वाक्यात आले आहेत, आणि घोटाळा तिथे आहे.

माणसाच्या अंगावर राहणाऱ्या उवांपैकी दोन इथे महत्त्वाच्या. एक डोक्यात. दुसरी कपड्यांच्या शिवणीत: तिथेच अंडी घालते आणि रक्त प्यायला तेवढी अंगावर येते. दोघी एकाच जातीच्या, चुलत बहिणी म्हणा. कपड्यातली ऊ डोक्यातल्या उवेपासून निघाली, आणि माणूस कपडे घालायला लागल्यावरच निघू शकली.

जर्मनीतल्या लाइपझिगमधले शास्त्रज्ञ मार्क स्टोनकिंग यांच्या मुलाच्या शाळेतून एकदा उवांबद्दल चिठ्ठी आली. माणसापासून दूर ऊ दिवसभराहून जास्त जगत नाही, असं त्यात लिहिलं होतं. ते वाचून त्यांना सुचलं की कपड्यातल्या उवेचं वय काढलं तर कपड्यांचं वय कळेल. २००३ मध्ये त्यांच्या गटानं जनुकांवरून पहिला अंदाज मांडला. २०११ मध्ये दुसऱ्या गटानं तो मागे नेला: किमान ८३,००० वर्षं, कदाचित १,७०,०००. कापूस, रेशीम, पैठणी हे सगळं फार नंतरचं.

या कपड्यातल्या उवेला स्वच्छतेशी खरंच देणंघेणं आहे. आठवडेच्या आठवडे एकच कपडा अंगावर राहिला तर ती वाढते. कपडे गरम पाण्यात धुतले की संपते. म्हणून ती तुरुंगात, छावण्यांत, दुष्काळात, खंदकांत सापडते. आणि टायफस पसरवते तीसुद्धा हीच. शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये ट्यूनिसमध्ये हे दाखवलं आणि त्यांना १९२८ चं नोबेल मिळालं. पहिल्या महायुद्धातल्या सर्बियात, मग रशियात, पुढे नाझी छळछावण्यांत या तापानं अगणित माणसं मारली. उवा म्हणजे घाण, घाण म्हणजे रोग, ही साखळी तिथे पक्की झाली. सरकारांनी, लष्करांनी, शाळांनी ती डोक्यातल्या उवेलाही लावली.

पण डोक्यातली ऊ रोजच्या जगण्यात असे रोग पसरवत नाही. ती खाजवायला लावते, झोप मोडते, खाजवून जखमा होतात. तिला धुतलेले केस चालतात, मळलेलेही चालतात. पाण्यात ती श्वासाची छिद्रं मिटून घेऊन काही तास जिवंत राहू शकते, त्यामुळे न्हाऊ घालून ती बुडत नाही. तिला उडी मारता येत नाही, पंख नाहीत. एका डोक्याला दुसरं डोकं टेकलं की ती चालत जाते. मैत्रिणी एका बाकावर डोक्याला डोकं लावून बसतात, बहिणी एका अंथरुणात झोपतात, त्यातून ती पसरते. तिला माणसांची जवळीक लागते. घाण लागत नाही.

ढेकूण चावला कपड्याच्या शिवणीतून, आणि चादर झटकल्यावर सापडली डोक्यातली ऊ.

ही लाज नुसती मनाला लागून थांबत नाही. ती उवा टिकवते. ज्या घराला लाज वाटते ते घर गुपचूप शॅम्पू आणतं आणि कुणाला सांगत नाही. मुलगी मोकळी होते, पण बाकावरच्या मैत्रिणीच्या डोक्यात उवा तशाच असतात. आठवड्यात त्या चालत परत येतात. त्या घरानंही कुणाला सांगितलेलं नसतं. तिसरं कारण हेच: गेल्या होत्या, पण बाहेरून नव्या आल्या. चरकांचं निदानपरिवर्जन इथे लागू पडतं, फक्त टाळायचं ते गुपित. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही शाळांना सांगितलं आहे की लिखा दिसल्या म्हणून मुलांना वर्गाबाहेर ठेवू नका.

आणि केस कापणं? बारीक केसांत फणी लवकर फिरते, एवढं खरं. पण कातडीलगतच्या एखाद्या सेंटिमीटरभर केसात लिखा राहतात, आणि शाळेला चालणारा ‘बॉब’ त्याहून लांबच असतो. म्हणजे मुलीचे केस जातात, उवा राहतात. ज्या समाजात विधवेचं डोकं भादरत आणि शिक्षा म्हणून केस उतरवत, तिथे बारा वर्षांच्या मुलीला केस कापायला सांगणं हा नुसता आरोग्याचा सल्ला राहत नाही.

आता करायचं काय

आमच्या घरी ठरलं ते असं. पहिल्या दिवशी औषध, नवव्या दिवशी पुन्हा. मधे दर तीन-चार दिवसांनी ओल्या केसांना कंडिशनर लावून स्टीलची फणी, कातडीपासून टोकापर्यंत, बट-बट करून. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कापडावर पुसायची आणि काय निघालं ते पाहायचं. लागोपाठ तीन वेळा काहीच निघालं नाही की थांबायचं. त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांची डोकी तपासायची, बाबांचंसुद्धा. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, म्हणून कातडीपासून बऱ्याच दूर असलेली पांढरी लीख बहुधा जुनं रिकामं टरफल असते. तिला घाबरून नवं औषध लावायचं नाही. उशांची अभ्रे आणि फण्या गरम पाण्यात धुतल्या, बाकी घर धुवत बसलो नाही. फणी फिरवायच्या पाळ्या लावल्या. दर दुसरी पाळी माझी आणि भावजींची होती.

केस कापले नाहीत.

यातलं सगळ्यांत अवघड काम फणीचं नव्हतं. ते ताईनं केलं. वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं नावानिशी लिहिलं: ‘आमच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्यात. रविवारी आम्ही औषध लावतोय. तुमच्याही मुलामुलींची डोकी त्याच दिवशी तपासा, म्हणजे एकदमच जातील.’

अर्धा तास ग्रुपवर कुणी काही बोललं नाही. मग एका आईनं लिहिलं, ‘आमच्याकडेही आहेत.’ मग दुसरीनं. रात्रीपर्यंत अकरा जणी झाल्या होत्या.